रक्तातील कर्कपेशी आणि निदानाचे अर्थकारण

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी कर्करोगाचे निदान ही केवळ वैद्यकीय घटना नसते. ती त्या कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेतील उलथापालथ असते. गालाच्या आतील व्रण दोन-तीन महिने भरून येत नाही, तिखट सोसत नाही, तोंड पुरते उघडत नाही, तेव्हा घरातील कर्ता पुरुष प्रथम गावातील औषधाच्या दुकानाचा रस्ता धरतो. मग आर्वी, मग वर्धा किंवा सेवाग्राम, आणि अखेरीस तळेगावच्या फाट्यावरून नागपूरची एस. टी. रुग्णाबरोबर एक माणूस असावाच लागतो. म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडाली. तुकडा काढून तपासावयास दिला की अहवाल काही दिवसांनी मिळतो. म्हणजे पुन्हा तीच फेरी. या फेऱ्यांत संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्यास देऊन उचल घेतलेली असते. अर्थशास्त्राच्या वर्गात 'संधी-खर्च' ही संकल्पना समजावून सांगताना परदेशी पाठ्यपुस्तकातील उदाहरणे शोधावी लागत नाहीत, ती अशी दारात उभी असतात.

या पार्श्वभूमीवर, थोड्याशा रक्तातून, तेही श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने, कर्करोगाच्या पेशी वेगळ्या काढता येतात असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात आशा निर्माण होणे स्वाभाविक आहे. हे संशोधन खरे आहे आणि मोलाचे आहे. तथापि प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले आणि बाजारात जे विकले जाईल, यांत मोठे अंतर असते. ते अंतर कोणी, कोणाच्या खर्चाने आणि कोणासाठी ओलांडावयाचे, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा वा वैद्यकाचा नसून सार्वजनिक धोरणाचा आहे. म्हणूनच अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने त्यावर लिहिण्याचे धाडस केले आहे.

ध्वनी पेशींची निवड कशी करतो?

प्रथम मूळ गोष्ट समजून घेतली पाहिजे. कर्करोगाची गाठ एका जागी असली तरी तिच्यातील काही पेशी सुटून रक्तात येतात आणि रक्ताबरोबर दूरच्या अवयवांत जाऊन तेथे नवी गाठ निर्माण करू शकतात. मेलबर्न येथील डॉक्टर थॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ मध्ये, मृत रुग्णाच्या रक्तात गाठीतील पेशींसारख्याच पेशी दिसल्याची नोंद केली. परंतु नोंद होणे वेगळे आणि नित्य तपासणीत त्या सापडणे वेगळे. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे पाचशे कोटी असतात, पांढऱ्या पेशी काही दशलक्ष असतात, आणि रोग पसरलेल्या रुग्णाच्याही रक्तात कर्कपेशी बहुधा एक ते दहा एवढ्याच आढळतात. अनेक रुग्णांत तर एकही आढळत नाही. गोदामभर ज्वारीतून गव्हाचे चार दाणे निवडून काढावयाचे, असे हे काम आहे.

आजवर रूढ असलेली पद्धत रासायनिक ओळखीची आहे. कर्कपेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट प्रथिनास चिकटणारी प्रतिपिंडे चुंबकीय कणांवर बसवावयाची, ते कण रक्तात मिसळावयाचे आणि चुंबकाने ओढून घ्यावयाचे. या तत्त्वावरील 'सेलसर्च' या यंत्रणेस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मान्यता दिली. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक कर्कपेशी आढळल्या, तर पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णाचे भवितव्य अधिक बिकट असते, असे त्या वर्षीच्या अभ्यासातून दिसून आले. परंतु या पद्धतीस दोन मर्यादा आहेत. ज्या कर्कपेशींवर ते प्रथिन नसते त्या निसटून जातात. आणि पकडलेल्या पेशी जिवंत राहत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर औषध लागू पडेल की नाही हे अजमावून पाहता येत नाही. शिवाय प्रतिपिंडे महाग असतात आणि प्रत्येक तपासणीस ती नव्याने लागतात. खर्चाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे यंत्राच्या किमतीपेक्षा प्रत्येक नळीमागे होणारा चालू खर्च अधिक जाचक ठरतो.

ध्वनीची पद्धत याहून निराळी आहे. आपल्यापैकी ज्यांनी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक केले असेल, त्यांना कुंटची नळी आठवत असेल. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट कुंट यांनी १८६६ मध्ये दाखवून दिले की, नळीत ध्वनीचे स्थिर तरंग निर्माण केले की आत पसरलेली बारीक भुकटी ठराविक अंतरावर ढीग करून गोळा होते. तेच तत्त्व आता केसाच्या काही पट रुंदीच्या नालीत वापरले जाते. काचेच्या वा सिलिकॉनच्या चिपवर अशी नाली कोरतात आणि तिच्यात सेकंदाला सुमारे वीस लाख कंपने असणाऱ्या ध्वनीचे स्थिर तरंग उभे करतात. पाण्यात या ध्वनीची अर्धी तरंगलांबी एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक भरते. तेवढीच नालीची रुंदी ठेवली की बरोबर मध्यभागी निस्पंद रेषा येते. वाहत्या द्रवातील पेशी त्या रेषेकडे ढकलल्या जातात. हे बल पेशीच्या आकारमानावर अवलंबून असते. व्यास दुप्पट झाला तर बल आठपट होते, प्रवाहाचा विरोध मात्र दुप्पटच वाढतो; म्हणून मोठी पेशी चौपट वेगाने मध्याकडे सरकते. कर्कपेशी सर्वसाधारणपणे रक्तपेशींहून मोठ्या असतात. नालीच्या शेवटी दोन-तीन फाटे ठेवले की मधल्या फाट्यातून कर्कपेशी आणि कडेच्या फाट्यांतून बाकीच्या पेशी बाहेर पडतात. खळ्यात वाऱ्यावर धान्य उफणताना वारा जे करतो, तेच येथे ध्वनी करतो.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठात थॉमस लॉरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंत्राचा पाया भक्कम केला. २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आणि कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या गटाने प्रवाहाशी किंचित तिरका कोन करून सोडलेल्या पृष्ठीय ध्वनिलहरींनी स्तनकर्करोगाच्या मोजक्या रुग्णांच्या रक्तातून अशा पेशी वेगळ्या करून दाखविल्या. त्या गटात मद्रास आय. आय. टी.चे माजी विद्यार्थी सुब्रा सुरेश होते. त्या वेळी एक तासात जेमतेम सव्वा मिलिलिटर रक्त चाळले जात असे. २०१८ पर्यंत तासाला साडेसात मिलिलिटरपर्यंत मजल गेली. त्याच वर्षी खुद्द मद्रास आय. आय. टी.मधील प्राध्यापक आशिष कुमार सेन यांच्या गटाने एक महत्त्वाची अडचण सोडविण्याचा मार्ग दाखविला. काही पांढऱ्या पेशी कर्कपेशींएवढ्याच मोठ्या असतात. तेथे आकारावरून निवड करणे शक्य होत नाही. म्हणून पेशीची घनता आणि तिच्यातून जाणाऱ्या ध्वनीचा वेग या दोहोंच्या गुणाकाराचा, म्हणजे ध्वनीस ती करीत असलेल्या अवरोधाचा, आधार त्यांनी घेतला. तात्पर्य, हे ज्ञान केवळ आयात केलेले नाही; त्यात भारतीय करदात्याच्या पैशाचाही वाटा आहे.

स्वस्त होण्याची शक्यता, आणि तिच्या मर्यादा

या पद्धतीचे आर्थिक मर्म असे, की पेशी वेगळ्या करण्यासाठी ध्वनीला प्रतिपिंडांची गरज पडत नाही. चिप एकदा मोठ्या प्रमाणावर बनू लागली की एकेका तपासणीचा खर्च झपाट्याने खाली येऊ शकतो. पेशी जिवंत राहतात, हा दुसरा लाभ. वरवर पाहता आपल्यासारख्या देशास याहून अनुकूल तंत्र ते कोणते?

तथापि येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ध्वनी पेशी वेगळ्या काढतो. ती पेशी कर्कपेशीच आहे हे ठरविण्यासाठी पुढे पुन्हा रंगद्रव्ये, प्रतिपिंडे, उत्तम सूक्ष्मदर्शक आणि जाणता माणूस लागतोच. बहुतेक प्रयोगांत तांबड्या पेशी आधीच विरघळवून टाकाव्या लागतात. रक्त काढल्यापासून काही तासांच्या आत ते प्रयोगशाळेत पोचले नाही, तर जिवंत पेशींचा लाभ हातचा जातो. म्हणजे चिप स्वस्त झाली तरी तिच्या मागची आणि पुढची साखळी स्वस्त झाली असे होत नाही. ध्वनिचिपेवर आधारलेली तपासणी आजही प्रामुख्याने संशोधनाच्या कक्षेत आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर ती मिळत नाही.

रक्तातील कर्कपेशी शोधणाऱ्या अन्य पद्धतींच्या चाचण्या मात्र बाजारात आल्या आहेत, आणि त्यांत महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या ॲक्टोरियस या संस्थेने चुंबकीय कणांवर आधारलेली 'ऑन्कोडिस्कव्हर' ही चाचणी तयार केली आणि तिला भारतीय औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या कंपनीच्या स्तनकर्करोगविषयक रक्तचाचणीस २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'ब्रेकथ्रू' हा दर्जा दिला. या दोन्ही गोष्टी अभिमानास्पद आहेत. परंतु वाचकाने एक भेद ध्यानात ठेवावा. 'ब्रेकथ्रू' दर्जा म्हणजे विक्रीची मान्यता नव्हे. एखाद्या आश्वासक साधनाचा विचार प्राधान्याने केला जाईल एवढेच त्यातून सूचित होते. जाहिरातीच्या भाषेत मात्र असे भेद फार काळ टिकत नाहीत.

एकाच चाचणीची दोन मूल्ये

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समजा, एक उत्तम रक्तचाचणी आपल्या हाती आली. शंभर कर्करोग्यांपैकी नव्वदांना ती ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी पंच्याण्णवांना निरोगी म्हणते. हे आकडे मानीव आहेत. हिशेबाची रीत कळावी एवढ्यासाठीच ते घेतले आहेत. वरवर पाहता अशी चाचणी सर्वांनी करून घ्यावी असे कोणासही वाटेल.

आता ही चाचणी तीस वर्षांवरील एक लाख निरोगी दिसणाऱ्या माणसांना केली असे धरू. त्यांच्यापैकी दोनशेजणांच्या शरीरात कर्करोग दडलेला आहे. चाचणी त्यांतील १८० जणांना ओळखील. परंतु उरलेल्या ९९,८०० निरोगी माणसांपैकी शेकडा पाच, म्हणजे ४,९९० जणांनाही ती 'संशय आहे' असे सांगेल. एकूण ५,१७० माणसांच्या हाती भयाचा कागद पडेल आणि त्यांतील केवळ १८० जणांना खरोखर रोग असेल. एकोणतीस माणसांत एक! बाकीच्या अठ्ठावीसांनी नागपूरच्या फेऱ्या करावयाच्या, स्कॅन करावयाचे, उचल घ्यावयाची, झोप गमवावयाची, आणि शेवटी काही नाही असे ऐकून परत यावयाचे. श्रीमंतास ही मनःशांतीची किंमत वाटेल. आष्टीच्या संत्राबागायतदारास आणि त्याच्याकडे राबणाऱ्या मजुरास तो एक अदृश्य कर ठरेल.

आता तीच चाचणी निराळ्या एक हजार माणसांना करू. या सर्वांवर कर्करोगाचे उपचार झालेले आहेत आणि त्यांतील तीनशेजणांत रोग परत डोके वर काढीत आहे असे मानू. चाचणी २७० जणांना ओळखील आणि सातशे बऱ्या झालेल्यांपैकी ३५ जणांना चुकीचा इशारा देईल. म्हणजे नऊ इशाऱ्यांपैकी सुमारे आठ खरे. यंत्र तेच, चिप तीच, रक्ताची नळी तीच. पण चाचणी कोणाची केली यावरून तिचे सामाजिक मूल्य पार बदलून गेले. संख्याशास्त्राचा हा साधा नियम आमच्या बी. ए.च्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरता ठाऊक असतो. धोरणकर्त्यांनी तो परीक्षेनंतरही लक्षात ठेवावा.

यावरही कोणी म्हणेल, खरा इशारा लवकर मिळाला तर लाभ होणारच. तेही गृहीत धरता येत नाही. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या स्त्रियांच्या रक्तात उपचाराच्या पहिल्या टप्प्यानंतरही कर्कपेशी अधिक राहिल्या, त्यांचे औषध तात्काळ बदलले तर आयुष्य वाढते काय, याची अमेरिकेत रीतसर परीक्षा घेण्यात आली. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषध लवकर बदलून आयुष्यात वाढ झाली नाही. रोगाची गती कळली, परंतु ती थोपविण्यास पुरेसे औषध हाती नव्हते. माहितीला मूल्य असते ते त्या माहितीवरून काही वेगळे करता येत असेल तरच. हा अर्थशास्त्राचा सिद्धान्त रुग्णशय्येपाशीही तितकाच खरा ठरतो.

सोनोग्राफीचा धडा

श्राव्यातीत ध्वनीची आणि महाराष्ट्राची ओळख आजची नाही. गर्भाची वाढ पाहण्यासाठी आलेली सोनोग्राफी हे मातेच्या हिताचे साधन होते, आजही आहे. पण गर्भलिंगनिदानाच्या बाजाराने तिचा ताबा घेतला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम यावर निर्बंध घालणारा कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर घसरली. ध्वनिलहरींचा यात दोष नव्हता. दोष समाजाच्या लोभाचा होता आणि बाजारास आधी मोकळे सोडून मागाहून कायद्याने गाठू पाहणाऱ्या व्यवस्थेचाही होता.

कर्करोगाच्या रक्तचाचणीचा दुरुपयोग त्या स्वरूपाचा होणार नाही, हे उघड आहे. पण भय ही विक्रीयोग्य वस्तू आहे. वाढदिवसाच्या सवलतीत 'संपूर्ण शरीराची तपासणी' विकणाऱ्या जाहिराती तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. उद्या त्या यादीत 'एका थेंबात कर्करोग' ही ओळ आली, तर शिक्षक आणि कारकून हेच तिचे पहिले गिऱ्हाईक असतील. कारण त्यांच्याकडे थोडी बचत असते आणि पुष्कळ काळजी असते.

अग्रक्रम कोणता?

मग वर्धा जिल्ह्याने, आणि अर्थात राज्याने, करावयाचे काय? २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे तेरा लाख लोकवस्तीचा हा जिल्हा कर्करोगाच्या बाबतीत अगदीच अंधारात नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या जिल्ह्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालते. देशातील अशी पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली, तीही महाराष्ट्रातच. म्हणजे कोठे, कोणास, कोणता कर्करोग होतो याचा हिशेब ठेवण्याची परंपरा आपल्याकडे आहे.

आणि साध्या उपायांनी जीव वाचतात याचा पुरावाही आपल्याच मातीतला आहे. आज धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, विषाणूची एकच चाचणी एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, नेहमीच्या सोयींवर सोडलेल्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्म्याने कमी झाले. मुंबईच्या वस्त्यांत तर दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित स्त्रियांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केवळ डोळ्यांनी तपासणी केली. तेथे या मृत्यूंत ३१ टक्के घट झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. केरळमध्ये तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांच्या तोंडाची नुसती उजेडात पाहणी करून तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटविता आले, असे २००५ मध्ये दिसून आले. विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन शाळकरी वयापासून जडते. तेव्हा या शेवटच्या उदाहरणाचे महत्त्व येथे निराळे सांगावयास नको.

एवढा पुरावा असता प्रत्यक्षात काय घडले? २०१६ पासून तीस वर्षांवरील सर्वांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी करण्याच्या मार्गदर्शक सूचना आहेत. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी ना कधी झालेल्या स्त्रिया देशात शेकडा १.९, आणि स्तनाची वा तोंडाची तपासणी झालेल्या प्रत्येकी ०.९ एवढ्याच आढळल्या. विजेरी, चमचा आणि प्रशिक्षित डोळे एवढ्यावर भागणारी तपासणीही जेथे शंभरातील एकीपर्यंतच पोचते, तेथे चिप पोचेल असे मानणे भोळेपणाचे होईल.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. गरिबांनी सदैव विजेरीवर समाधान मानावे आणि नवे विज्ञान शहरातील धनिकांसाठी राखून ठेवावे, असा याचा अर्थ होतो काय? मुळीच नाही. विजेरी की चिप, हा पर्यायच चुकीचा मांडला जातो. ज्याला रोग आहे की नाही हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी विजेरी. आणि ज्याला रोग झालेला आहे, उपचार झालेले आहेत, आणि जो दर तीन महिन्यांनी 'परत आला नाही ना' एवढे विचारावयास नागपूरला जातो, त्याच्यासाठी चिप, अशी ही विभागणी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने १९४२ च्या ऑगस्टमध्ये पेटून उठलेल्या आष्टीचा माणूस नागपुरात त्यांच्याच नावाच्या कर्करोग रुग्णालयात जातो. त्याला प्रत्येक वेळी स्वतः जावे न लागता त्याचे रक्त तालुक्यात काढून वेळेत पोचविता आले आणि विश्वासार्ह उत्तर परत आले, तर त्या कुटुंबाची वर्षातून तीन-चार वेळची मजुरी वाचेल. या तंत्राचे खरे स्थान मला येथे दिसते. अर्थात असे उत्तर खरोखर विश्वासार्ह ठरते की नाही, हे रीतसर परीक्षेनेच सिद्ध व्हावयास हवे.

ती परीक्षा बाजारावर सोपवू नये. सेवाग्राम, नागपूरची कर्करोग रुग्णालये, टाटा स्मारक केंद्र आणि आय. आय. टी. यांनी एकत्र येऊन, उपचार झालेल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीने आणि विनामूल्य ती घ्यावी. निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करावा. अशा सहकार्याची फळे आपण पाहिली आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे किरणोपचाराचे यंत्र देशात घडविले. मुंबईच्या आय. आय. टी.ने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित केलेल्या रक्तकर्करोगावरील पेशी-उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याची किंमत परदेशातील किमतीच्या सुमारे एकदशांश राहिली. मात्र तो दशांशही लाखांत जातो, हे विसरता येत नाही. सार्वजनिक पैशातून निघालेल्या ज्ञानाचे उत्पादनात रूपांतर होत असतानाच किमतीची अट घातली पाहिजे. मागाहून ती घालता येत नाही.

दुसरी गोष्ट विम्याची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. तो स्वागतार्ह होता. पण या योजनेचा कणा म्हणजे रुग्णालयात दाखल झाल्यावरचे उपचार. दाखल होण्यापूर्वीचे निदान आणि बरे झाल्यावरचा पाठपुरावा यांचा भार बव्हंशी कुटुंबावरच राहतो. क्षयरोग्यास पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० करण्यात आले. मग कर्करोग्याच्या पाठपुराव्याच्या प्रवासास व बुडालेल्या मजुरीस काही भत्ता का असू नये? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने एके काळी गावकऱ्यांकडून आरोग्यविम्याचा हप्ता ज्वारीच्या रूपाने घेतला होता. शेतकऱ्याच्या हाती रोकड कधी असते आणि धान्य कधी असते, हे ओळखून आखलेली ती योजना होती. नव्या योजना आखणाऱ्यांनी यंत्राच्या क्षमतेइतकाच गिऱ्हाइकाच्या हंगामाचाही विचार करावा, हा तिचा बोध आहे.

तिसरी गोष्ट नियमनाची. निरोगी माणसांत मृत्यू घटतात हे सिद्ध होईपर्यंत कर्कपेशींच्या कोणत्याही रक्तचाचणीची जाहिरात निरोगी माणसांस उद्देशून करण्यास मनाई असावी. डॉक्टरांनी सांगितलेल्या रुग्णासाठी ती जरूर उपलब्ध असावी; मात्र तिच्या अहवालावर शंभर इशाऱ्यांपैकी किती खरे ठरतात, हा आकडा मराठीत छापलेला असावा. औषधाच्या वेष्टनावर किंमत छापावी लागते. मग भयाच्या कागदावर त्याची खात्री का छापू नये?

ध्वनीने पेशी निवडण्याचे तंत्र उद्या अधिक वेगवान होईल, अधिक स्वस्त होईल, याविषयी शंका नाही. शास्त्रज्ञ आपले काम चोख करीत आहेत. उरलेले काम त्यांचे नव्हे. आष्टीच्या माणसाला तोंडातला व्रण घेऊन औषधाच्या दुकानी न जाता गावच्या उपकेंद्रात जावेसे वाटले, तेथे त्याचे तोंड कोणी उजेडात पाहिले, आणि उपचारानंतर त्याच्या रक्ताची नळी त्याच्या आधी नागपूरला पोचली, तरच त्या चिपेतील ध्वनी येथवर ऐकू आला असे म्हणता येईल.